संशोधनाची गोष्ट आणि संशोधिकेची गोष्ट

विज्ञानातील बहुतेक शोधनिबंधांत ‘साहित्य आणि पद्धती’ नावाचा एक भाग असतो आणि प्रयोग कोणत्या तापमानाला केला, कोणते रसायन किती मापाने घेतले, निरीक्षणे किती काळ चालली, हे सारे त्यात नोंदवावे लागते. कारण दुसऱ्या कोणालाही तो प्रयोग पुन्हा करून पाहता आला पाहिजे, ही विज्ञानाची मूळ अट आहे. मात्र ज्या परिस्थितीत संशोधक स्वतः काम करतो, तिला या नोंदीत जागा नसते. प्रवेश कोणी दिला आणि कोणी नाकारला, रात्री प्रयोगशाळेत थांबण्याची मुभा होती की नव्हती, घरी मुलांकडे कोण पाहत होते, काम मध्येच थांबले असेल तर ते किती वर्षे थांबले, या बाबी निष्कर्षाच्या दृष्टीने गैरलागू मानल्या जातात. ज्यांच्यासाठी ही परिस्थिती आधीपासूनच अनुकूल होती, त्यांचे ती न सांगता भागत असे. स्त्रियांच्या बाबतीत ती न सांगितल्याने एक निराळा तोटा होतो, तो हा की मागून येणाऱ्या मुलीला त्या आयुष्याचा ‘प्रयोग’ पुन्हा कसा करावा हे कळत नाही.

म्हणूनच स्त्री-वैज्ञानिकांनी समाजाशी साधलेल्या संवादाचे दोन पदर वेगवेगळे ओळखावे लागतात. आपले संशोधन सर्वसामान्यांना समजेल अशा भाषेत मांडणे हा पहिला पदर आणि संशोधक म्हणून आपण कशा घडलो, कोठे अडलो, हे उघडपणे सांगणे हा दुसरा. इरावती कर्वे, कमला सोहोनी, कमल रणदिवे, मंगला नारळीकर आणि रोहिणी गोडबोले या महाराष्ट्राशी नाते असलेल्या पाच संशोधिकांच्या कामाकडे या दृष्टीने पाहिले, तर यांतला पहिला पदर लवकर विणला गेला आणि दुसऱ्याला मात्र कित्येक दशके लागली, असे दिसते.

वारीच्या वाटेवरचे मानवशास्त्र

इरावती कर्वे यांचा जन्म 1905 साली ब्रह्मदेशातील म्यिंज्यान येथे झाला. पुण्यात आणि मुंबईत शिक्षण घेतल्यावर त्या जर्मनीला गेल्या आणि माणसाची शरीररचना व समाजरचना यांचा अभ्यास करणाऱ्या मानवशास्त्र या विषयात त्यांनी 1930 च्या सुमारास बर्लिन येथे डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय कवटीची असममिती हा होता. म्हणजे माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते, हा फरक कितपत असतो आणि त्याचा वंशाशी काही संबंध आहे का, हे त्यांना मोजमापांनी तपासायचे होते. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा असा संबंध असण्याकडे कल होता आणि त्यांच्या वंशविषयक लेखनाचा पुढे नाझी धोरणांना आधार मिळाला. इरावतीबाईंची मोजमापे मात्र या कल्पनेला दुजोरा देत नव्हती आणि त्यांनी आपला निष्कर्ष मोजमापांशीच प्रामाणिक ठेवला.

पुढे 1939 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी समाजशास्त्र आणि मानवशास्त्र शिकवले, भारतभर हिंडून नातेसंबंधांच्या व्यवस्थेचा अभ्यास केला आणि 1953 साली त्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. याच काळात त्या मराठीत ललित निबंध लिहीत होत्या आणि त्या निबंधांमागची नजर शास्त्रज्ञाचीच होती. पंढरपूरच्या वारीवरील त्यांच्या ‘वाटचाल’ या निबंधात भक्तीचा ओलावा आहे, आणि एकाच विठ्ठलाकडे निघालेल्या माणसांच्या दिंड्या व पंगती जातींप्रमाणे वेगळ्या राहतात ही बोचणारी नोंदही आहे. या निबंधाचा इंग्रजी अनुवाद 1962 साली आशियाई समाजांच्या अभ्यासाला वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून वारीचे अभ्यासक त्याचा आधार घेत आले आहेत. विद्वानांसाठी लिहायचे आणि मग त्यातले थोडे सोपे करून लोकांना द्यायचे, असा ज्ञानाचा रूढ क्रम मानला जातो. येथे लोकांसाठी मराठीत लिहिलेलेच विद्वानांच्या कामी आले. महाभारतातील व्यक्तिरेखांकडे मानवशास्त्रीय दृष्टीने पाहणाऱ्या ‘युगान्त’ला 1968 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही मराठी वाचकांनी ज्या रूपात तो ग्रंथ वाचला त्याच रूपाला.

स्वतःविषयी मात्र इरावतीबाईंनी आडवळणाने लिहिले. ‘परिपूर्ती’ या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात सभेत ओळख करून देताना निवेदिका त्यांचे सासर, पती आणि शिक्षण यांचा उल्लेख करते, तरी काही तरी राहून गेल्यासारखे त्यांना वाटत राहते, आणि रस्त्यावरची मुले ‘अमक्याची आई’ म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवतात तेव्हा ती ओळख पूर्ण होते. हा निबंध मातृत्वाचा गौरव म्हणून वाचला जातो आणि विदुषीची ओळख समाज कोणकोणत्या नात्यांतून करून घेतो यावरची मिस्कील टिप्पणी म्हणूनही तो वाचता येतो. बर्लिनमधील संशोधनाची हकीकत सर्वसाधारण वाचकांपर्यंत सविस्तर पोचण्यासाठी मात्र 2024 सालच्या इंग्रजी चरित्रापर्यंत, म्हणजे त्यांच्या निधनानंतर अर्धशतकाहून अधिक काळ, वाट पाहावी लागली.

चाळीस पाने आणि चाळीस वर्षे

कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, या लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले, त्यामुळे 1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवल्यावर त्यांनी त्याच संस्थेत अर्ज केला आणि संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत या कारणावरून तो नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरल्यावर त्यांना प्रवेश मिळाला, तो अटींसह: पहिले वर्ष त्यांची गणना नियमित विद्यार्थी म्हणून होणार नव्हती, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागणार होते आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेच्या वातावरणाला बाधा येऊ द्यायची नव्हती. वर्षअखेरीस त्यांच्या कामाविषयी रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेचे दरवाजे इतर मुलींसाठी उघडले.

बंगळूरला त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर प्रयोग करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी आढळले. पेशी अन्नातील ऊर्जा एकदम मोकळी करत नाही. इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे पायरी पायरीने सोपवत ती ऊर्जा काढून घेतली जाते आणि या देवाणघेवाणीतील एक हमाल म्हणजे सायटोक्रोम सी हे प्रथिन. श्वसनाची ही यंत्रणा प्राण्यांप्रमाणे वनस्पतींतही असते, हे सांगणारा त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता आणि त्यावर त्यांना 1939 साली पीएचडी मिळाली.

भारतात परतल्यावर, विशेषतः मुंबईच्या विज्ञान संस्थेत, त्यांनी निवडलेले प्रश्न ताटाच्या आसपासचे होते. ताडाच्या झाडाची ताजी नीरा आणि तिच्यापासून केलेला गूळ यांत जीवनसत्त्वे आणि लोह किती असते, कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात त्याचा काय उपयोग होतो, या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पाला त्यांनी दुधाच्या गुणवत्तेविषयी सल्ला दिला. 1966 साली मुंबईत नऊ स्त्रियांनी सुरू केलेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या त्या सक्रिय सदस्य आणि पुढे अध्यक्ष झाल्या, संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले आणि ‘आहारगाथा’ हे पुस्तक मराठी वाचकांना दिले. जीवरसायनशास्त्राचे ज्ञान भेसळ ओळखण्याच्या घरगुती शहाणपणापर्यंत आणून सोडण्याचे हे काम होते. स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईला त्यांनी विज्ञान ऐकवायचा श्रोता मानले नाही. रोज पदार्थ पारखणारी, मोजणारी आणि नासले-फसले तर कारण शोधणारी ती एक निरीक्षक आहे, हे गृहीत धरूनच हे लेखन केलेले आहे.

रामन यांच्याकडून मिळालेल्या वागणुकीविषयीचे त्यांचे जे जाहीर कथन पुढे वारंवार उद्धृत झाले, ते भाभा अणुसंशोधन केंद्रात भारतीय स्त्री-वैज्ञानिक संघटनेने आयोजित केलेल्या कार्यक्रमातले आहे. रामन यांचे शास्त्रज्ञ म्हणून मोठेपण मान्य करून त्यांच्या संकुचितपणाने झालेला अपमान आपण विसरू शकलो नाही, असा त्याचा आशय होता. ही संघटनाच 1973 साली स्थापन झाली असल्यामुळे घटना आणि तिचे हे कथन यांत किमान चाळीस वर्षांचे अंतर पडले, हे उघड आहे. नीरेतील जीवनसत्त्वे लोकांना सांगायला एवढा वेळ लागला नव्हता. पदार्थाचे पृथक्करण सांगायला प्रयोगशाळा पुरते. अपमानाचे पृथक्करण सांगायला समोर तो समजून घेणारा श्रोतृवर्ग असावा लागतो आणि तो श्रोतृवर्ग आधी कोणाला तरी उभा करावा लागला.

ऐकणाऱ्यांची संघटना

तो उभा करणाऱ्यांत कमल रणदिवे अग्रभागी होत्या. 1917 साली पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या रणदिवे यांनी वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली 1949 साली पीएचडी मिळवली आणि नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. शरीरातून काढलेल्या पेशी पोषक द्रवात, योग्य तापमानात जिवंत ठेवून वाढवणे म्हणजे ऊतिसंवर्धन. कर्करोगाची पेशी शरीराबाहेर न्याहाळण्याची सोय त्यामुळे झाली. परतल्यावर मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी या तंत्राची प्रयोगशाळा उभारली आणि स्तनांच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा वाटा काय, यावर उंदरांमध्ये संशोधन केले. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

भारतीय स्त्री-वैज्ञानिक संघटना त्यांनी काही सहकाऱ्यांसह मुंबईत स्थापन केली. संघटनेच्या वाशी येथील केंद्रात व्याख्याने आणि विज्ञानप्रसाराच्या कार्यक्रमांबरोबर नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघरही चालवले गेले, हा तपशील वरवर किरकोळ वाटला तरी तो या विषयाच्या गाभ्याशी जाणारा आहे. व्यासपीठावर येऊन बोलणाऱ्या स्त्रीचे मूल त्या वेळी कोठे असते, हा प्रश्न ज्या संघटनेने विचारला आणि त्याला इमारतीच्या रूपाने उत्तर दिले, तिने कथनाची पूर्वअट ओळखली होती. निवृत्तीनंतर रणदिवे यांनी अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाच्या नोंदी घेतल्या आणि ग्रामीण स्त्रियांना आरोग्याचे प्रशिक्षण दिले. येथे पुन्हा माहिती घेणे आणि माहिती देणे या दोन क्रिया एकाच फेरीत होत होत्या.

बेचाळीस, बावन्न, बासष्ट

गणित हा विषय लोकांपर्यंत नेणे सर्वांत अवघड मानले जाते आणि त्याचा अनुभव मंगला नारळीकर यांनी उतारवयात घेतला. 1964 साली मुंबई विद्यापीठातून एम. ए. होताना त्या प्रथम आल्या होत्या. त्यानंतर त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही काळ काम केले, विवाहानंतर त्या केंब्रिजला गेल्या आणि संसार, तीन मुली व अध्यापन यांतून वाट काढत 1981 साली त्यांनी पीएचडी पूर्ण केली. त्यांचा विषय वैश्लेषिक संख्यासिद्धांत, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचा कलनाच्या साधनांनी केलेला अभ्यास. एम. ए. आणि पीएचडी यांतील या सतरा वर्षांविषयी त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले; घराला आपण नेहमी आधी स्थान दिले आणि आपल्या पिढीतील अनेक शिकलेल्या स्त्रियांची गोष्ट अशीच आहे, हे त्यांनी तक्रार न करता आणि लपवाछपवी न करता सांगितले.

त्यांनी मुलांसाठी आणि पालकांसाठी मराठीत गणितावर पुस्तके लिहिली आणि बालभारतीच्या गणित विषय समितीचे अध्यक्षपद सांभाळले. 2019 साली इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’ या रूढ वाचनाबरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले तेव्हा मोठे वादळ उठले आणि ते विधानसभेपर्यंत पोचले. या बदलामागचा विचार समजून घ्यायला फक्त दोन हा अंक घ्यावा. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव असे जाताना त्याचे रूप सतत बदलते. शिवाय मराठीत एकक आधी उच्चारतात आणि दशक नंतर, पण लिहिताना दशक आधी येतो, त्यामुळे ‘त्रेसष्ट’ ऐकून मूल 36 लिहिते. एकोणतीस, एकोणचाळीस या ‘एक उणे’च्या ओळीत एकोणनव्वदपर्यंत सवय झाली की नव्व्याण्णव तो नियम मोडून समोर येते. ज्यांनी हे सारे बालपणी पाठ केले त्यांना ही गुंतागुंत दिसत नाही. ज्यांच्या घरात पाठ करून घेणारे कोणी नसते, त्या मुलाला ती दिसते आणि ते गणिताला घाबरते.

या वादात नारळीकर यांनी वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून, थट्टा सोसत, आपली भूमिका समजावून सांगितली. नवे वाचन सर्वांना पटले असे नाही आणि मराठी संख्यानामांच्या परंपरेविषयी विरोधकांना वाटणारी आस्थाही खोटी नव्हती. तरीही या प्रसंगाने एक गोष्ट दाखवली: संशोधिकेने लोकांना विज्ञान ‘ऐकवले’ की तिचे कौतुक होते, पण तिने आपल्या विषयाच्या अधिकाराने रोजच्या वहिवाटीत बदल सुचवला की तिच्या अधिकाराचीच चौकशी सुरू होते. लोकांशी संवाद याचा अर्थ केवळ टाळ्या घेणे नव्हे, असे वाद झेलणेही त्यात येते.

लीलावतीच्या लेकी

दुसऱ्या पदराला संस्थात्मक रूप आले ते 2008 साली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने ‘लीलावतीज डॉटर्स’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला; रोहिणी गोडबोले आणि रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादित केलेल्या या ग्रंथात जवळपास शंभर भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या हकीकती आहेत, त्यांतल्या काही दिवंगत शास्त्रज्ञांविषयी इतरांनी लिहिलेल्या आणि बऱ्याचशा संशोधिकांनी स्वतः सांगितलेल्या. कमला सोहोनींची कथा आणि मंगला नारळीकरांचे आत्मकथन त्यात आहे. ग्रंथाचे नाव भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमाराच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथावरून आले आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे, त्यामुळे हे नाव महाराष्ट्राला परके नाही. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, ही कथा मूळ ग्रंथात येत नाही. ती 1587 सालच्या फैजीच्या फारसी अनुवादाबरोबर रूढ झाली. मूळ ग्रंथात एका मुलीला उद्देशून उदाहरणे विचारलेली आहेत, पण तिचे उत्तर कोठेही नोंदलेले नाही. शतकानुशतके केवळ ऐकून घेणाऱ्या त्या मुलीच्या नावाने निघालेल्या पुस्तकात बोलणाऱ्या सगळ्या स्त्रिया असाव्यात, ही निवड नेमकी होती.

गोडबोले यांचा स्वतःचा विषय कणभौतिकी. पुण्यात 1952 साली जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि स. प. महाविद्यालयात शिकलेल्या गोडबोले पुढे बंगळूरच्या त्याच भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या, जिने एकेकाळी कमला भागवत यांना दारात थांबवले होते. प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या आणि पॉझिट्रॉनांच्या झोतांतून प्रकाशकण बाहेर पडतात. हे प्रकाशकण एरवी साधे, अवयवहीन वाटत असले तरी उच्च ऊर्जेला ते आतून रचना असल्यासारखे वागतात आणि नको असलेल्या कणांचा मोठा गोंगाट उत्पन्न करतात, हे त्यांनी मानुएल ड्रीस यांच्यासह दाखवले. नव्या कणत्वरकांची आखणी करताना हा गोंगाट हिशेबात धरावा लागतो.

हीच सवय, म्हणजे गोंगाटातून खरा संकेत वेगळा काढण्याची, त्यांनी स्त्री-वैज्ञानिकांच्या प्रश्नालाही लावली. शिकलेल्या स्त्रिया घरासाठी संशोधन सोडतात, हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले जाते की ते तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. गोडबोले ज्यात सहभागी होत्या त्या 2010 सालच्या अभ्यासात विज्ञानात पीएचडी झालेल्या स्त्रियांना प्रत्यक्ष विचारण्यात आले, तेव्हा नोकरीची संधीच न मिळणे आणि नेमणुकांमधील अडथळे ही कारणे ठळकपणे पुढे आली. ग्रंथातील हकीकतींनी जे सुचवले ते सर्वेक्षणाने पडताळून पाहिले, असा हा क्रम आहे. एकटी कथा म्हणजे एक निरीक्षण. अशा कथा पुरेशा जमल्या की त्यांतून गृहीतक निघते, आणि गृहीतक तपासता येते. 2019 साली पद्मश्री मिळालेल्या गोडबोले यांचे 2024 साली पुण्यात निधन झाले, तोवर त्या हे दोन्ही प्रकारचे काम करत होत्या.

कथनाची जोखीम आणि भाषा

अशा कथनात एक धोका असतो. अडथळे ओलांडून यशस्वी झालेल्या स्त्रीचीच गोष्ट सांगितली गेली, तर ऐकणाऱ्यांना अडथळे स्वाभाविक आणि जिद्द पुरेशी वाटू लागते. सत्याग्रह करणाऱ्या कमलाबाईंचे कौतुक होते आणि सत्याग्रह करावा लागू नये याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. म्हणून थांबलेल्या, वळण घेतलेल्या, उशिरा परतलेल्या आयुष्यांची हकीकतही तितकीच महत्त्वाची ठरते. कामात खंड पडलेल्या स्त्रियांना संशोधनात परत येता यावे म्हणून केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने या शतकाच्या सुरुवातीला स्वतंत्र शिष्यवृत्ती योजना सुरू केली. खंड ही वैयक्तिक कमतरता नसून नोंदवण्याजोगी, उपाय करण्याजोगी परिस्थिती आहे, ही कबुली त्या योजनेत आहे आणि ती कबुली अशा कथनांतूनच तयार होते.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे. इरावतीबाईंनी, कमलाबाईंनी आणि मंगलाबाईंनी विज्ञान मराठीत सांगितले, पण संशोधिकांच्या आयुष्यांचा सर्वांत मोठा संग्रह इंग्रजीत निघाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीला बटाट्यातील सायटोक्रोम पाठ्यपुस्तकात भेटेल, पण ते शोधणाऱ्या मुलीला एक वर्ष कोणत्या अटींवर काम करावे लागले हे तिला तिच्याच भाषेत वाचायला मिळाले पाहिजे.

1933 सालच्या त्या प्रवेशाकडे प्रयोग म्हणून पाहिले, तर त्यात नमुना एकच होता, कालावधी एक वर्षाचा होता आणि अटी लिहून ठेवण्यासारख्या होत्या. निष्कर्ष मात्र असा निघाला की मागून आलेल्या मुलींवर त्या अटी घालाव्या लागल्या नाहीत. निष्कर्ष तेव्हाच जाहीर झाला. ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग मात्र कमलाबाईंनी कित्येक वर्षांनी, स्वतःच्या तोंडून पूर्ण केला.